शस्त्रांचा न्यास

'न्यास' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे देवस्थान येते, शिक्षणसंस्था येते, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय येते, आणि विश्वस्तांची आपापसांतली कधी न संपणारी भांडणे येतात. बंदूक येत नाही. त्यामुळे अमेरिकेत 'गन ट्रस्ट' या नावाचा एक दस्तऐवज गेली दोन-तीन दशके सर्रास केला जातो, त्यासाठी वकिलांची स्वतंत्र शाखाच निर्माण झाली आहे, आणि मशीनगन, सायलेन्सर, आखूड नळीची रायफल अशा वस्तू या न्यासांच्या मालकीच्या असतात, हे प्रथम वाचताना आम्हांला ती एखाद्या उपहासकथेची कल्पना वाटली. बारकाईने पाहू गेल्यावर दिसले ते असे, की हा प्रकार विक्षिप्त असला तरी निराधार नाही. त्याच्या मुळाशी मालमत्तेच्या इतिहासातला एक फार जुना प्रश्न आहे. वस्तू जिच्या हातात आहे ती व्यक्ती आणि वस्तू जिच्या नावावर आहे ती व्यक्ती या दोन असू शकतात काय? आणि असल्या, तर राज्याने जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न बंदुकीचा असल्याने तो केवळ विद्वच्चर्चेचा राहत नाही. परंतु आम्ही येथे शस्त्रबंदीच्या बाजूने वा विरुद्ध वकीलपत्र घेतलेले नाही. एका कायदेशीर आकृतिबंधाचा प्रवास पाहणे, एवढाच आमचा उद्देश आहे.

प्रवासाला निघण्यापूर्वी शब्दाकडे पाहू. संस्कृतात न्यास म्हणजे ठेव. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने जवळ बाळगायची आणि मागताच जशीच्या तशी परत करायची, ही ठेवीची नीती कौटिल्याला ठाऊक आहे आणि स्मृतिकारांनाही. मिताक्षराकार विज्ञानेश्वर तर निक्षेप आणि न्यास यांत एक मार्मिक भेद करतो. धन्याच्या समक्ष त्याच्या हाती सोपवलेला तो निक्षेप. धनी घरी नसताना 'त्यांना द्या' असे सांगून घरच्या माणसांच्या हाती सोपवलेला तो न्यास. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण 'धनी घरी नसताना घरच्या माणसांच्या हाती' या प्रसंगानेच पुढे अमेरिकेतल्या कित्येक कुटुंबांची झोप उडवली आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना भासाचे 'स्वप्नवासवदत्त' आठवेलच. तेथे यौगंधरायण प्रत्यक्ष राणीलाच पद्मावतीकडे न्यास म्हणून ठेवतो, आणि ठेव सांभाळणे किती जड असते याची जाणीव नाटकात पहिल्या अंकापासून आहे.

शस्त्राच्या न्यासाची कथा मात्र वाल्मीकीची आहे, आणि ती सीतेच्या तोंडी आहे. दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने राक्षसवधाचे वचन दिले आहे. पुढे जाताना सीता त्याला अडवते. वैर नसताना हिंसा करणे हा दोष आहे, असे सांगून ती एका तपस्व्याची हकीकत ऐकवते. त्याच्या तपात विघ्न आणण्यासाठी इंद्र योद्ध्याच्या वेषात आश्रमात आला आणि एक उत्तम खड्ग त्याच्याजवळ न्यास म्हणून ठेवून गेला. तपस्वी प्रामाणिक होता. ठेव हरवू नये म्हणून तो ते खड्ग क्षणभरही दृष्टीआड होऊ देईना. कंदमुळे आणायला निघाला तरी खड्ग हातात. नित्य जवळ बाळगता बाळगता त्याची बुद्धी क्रूर झाली, तप सुटले, आणि शेवटी तो नरकाला गेला. इंद्राची चलाखी अशी, की त्याने मोहाचा उपयोगच केला नाही. त्याने तपस्व्याच्या सचोटीचा उपयोग केला. शस्त्र सुरक्षित ठेवण्याच्या कर्तव्यातून शस्त्राची संगत घडते, हे सीतेला दिसले होते. राम तिचे कौतुक करतो आणि तरीही आपले वचन पाळायला निघून जातो. रामायणातला हा संवाद आमच्या मते पुरेसा वाचला गेलेला नाही.

तथापि आपला न्यास आणि इंग्रजांचा ट्रस्ट या एकच गोष्टी नव्हेत. आपल्या न्यासात ठेव ज्याची त्याचीच राहते; सांभाळणारा फक्त सांभाळतो. ट्रस्टमध्ये कायदेशीर मालकी विश्वस्ताकडे जाते आणि उपभोगाचा हक्क लाभार्थीकडे राहतो. मालकीच दुभंगते. ही दुभंगलेली मालकी इंग्लंडने कशी शोधून काढली, ते पाहण्याजोगे आहे.

फ्रान्सिस्कन भिक्षू १२२४ साली इंग्लंडात उतरले. कोणतीही मालमत्ता बाळगायची नाही, हे त्यांचे व्रत. परंतु अपरिग्रही माणसालाही पावसाळ्यात छप्पर लागते. तेव्हा लंडन, ऑक्सफर्ड अशा नगरांतल्या नागरिकांनी जागा नगराच्या नावे करून घेतल्या आणि राहायला भिक्षू गेले. कागदावर मालक नगर, 'यूज' भिक्षूंचा. या 'यूज'चे मूळ लॅटिनमधल्या 'उसुस', म्हणजे वापर, या शब्दात नसून 'ओपुस' या शब्दात आहे, 'अमक्यासाठी, अमक्याच्या वतीने' या अर्थाच्या शब्दप्रयोगात आहे, हे एफ. डब्ल्यू. मेटलंड या थोर विधि-इतिहासकाराने दाखवून दिले. म्हणजे शब्दातच दुसऱ्या माणसाची सावली आहे.

भिक्षूंची सोय जमीनदारांनी उचलली. त्या काळी इंग्लंडच्या सर्वसाधारण कायद्याने जमिनीचे मृत्युपत्र करता येत नसे. जमीनदार अज्ञान वारस मागे ठेवून मेला, की वरिष्ठ सरदार, आणि वरिष्ठ सरदार राजाच असला तर राजा, त्या मुलाची जमीन ताब्यात घेई, उत्पन्न खाई, वर मुलाचे लग्न लावून देण्याचा हक्कही विकी. यावर उपाय निघाला तो असा. जिवंतपणीच जमीन चार-पाच विश्वासू मित्रांच्या नावे संयुक्तपणे करून द्यायची. 'मी आहे तोवर माझ्यासाठी, माझ्या मागे मी सांगेन त्याच्यासाठी' असे त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचे. त्यांतला एक मेला तरी उरलेले असतातच, त्यांच्यात नवा घालता येतो. म्हणजे जमिनीचा मालक कधी मरतच नाही. मालक मरत नाही म्हणून मृत्यूवरचा कर लागत नाही. मित्रांनी विश्वासघात केला तर सर्वसाधारण न्यायालये हात वर करीत. कारण कागदावर मालक तेच. मग फिर्यादी चॅन्सेलरकडे जाई. चॅन्सेलर बहुधा धर्मगुरू. तो कागदापेक्षा सदसद्विवेकाला मान देई.

आठव्या हेन्रीला ही चलाखी महाग पडत होती. १५३६ साली त्याने 'स्टॅट्यूट ऑफ यूजेस' मंजूर करून घेतला आणि दुभंगलेली मालकी पुन्हा एक केली: ज्याचा उपभोग, तोच मालक, तेव्हा कर त्यानेच द्यावा. त्याच वर्षी उत्तर इंग्लंडात जे बंड झाले ते प्रामुख्याने मठांच्या विसर्जनामुळे. पण बंडवाल्यांच्या गाऱ्हाण्यांत या कायद्याचाही समावेश होता. १५४० साली राजाने मृत्युपत्राचा हक्क बऱ्याच अंशी देऊन तडजोड केली. वकिलांनी पुढच्या शतकभरात आणखी एक वाट काढली. कायदा एका 'यूज'ला लागू होतो ना? मग 'यूज'वर दुसरा 'यूज' चढवायचा. पहिला कायद्याने गिळला तरी दुसरा उरतो. हा उरलेला दुसरा म्हणजेच आधुनिक ट्रस्ट. मेटलंडने ट्रस्टच्या कल्पनेला इंग्रजांची न्यायशास्त्रातली सर्वांत मोठी कामगिरी मानले आहे, ते योग्यच आहे. पण ती कामगिरी राजाचा कर चुकवता चुकवता झाली, हेही विसरू नये.

याच हेन्रीचा दुसरा एक कायदा येथे नोंदवावासा वाटतो. १५४१ साली त्याने वर्षाला शंभर पौंडांहून कमी उत्पन्न असणाऱ्यांना आडवे धनुष्य आणि हातबंदूक वापरण्याची मनाई केली, आणि हातबंदूक दस्त्यासकट पूर्ण एक यार्डाहून आखूड असता कामा नये, असेही ठरवले. आखूड शस्त्र झग्याखाली लपते, ही भीती तेव्हाचीच. ट्रस्टला जन्म देणारा कायदा आणि बंदुकीची लांबी मोजणारा कायदा एकाच राजाच्या कारकिर्दीत पाच वर्षांच्या अंतराने झाले. त्या दोघांची गाठ पडायला मात्र चारशे वर्षे आणि एक महासागर ओलांडावा लागला.

ती गाठ पडली अमेरिकेत, १९३४ च्या 'नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट'मुळे. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी थॉमसन बनावटीची हातातली मशीनगन घरोघर माहीत केली होती. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांना भिंतीशी उभे करून मारण्यात आले, ते छायाचित्रांसह देशभर छापून आले. १९३३ च्या फेब्रुवारीत मायामीत निवडून आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या; ते वाचले, शिकागोचे महापौर अँटन सर्मक मरण पावले. रूझवेल्ट यांचे ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी विधेयक तयार केले. सरसकट बंदी घालण्याचा अधिकार संघराज्याला आहे की नाही याची शंका होती, म्हणून बंदीऐवजी कर आला. शस्त्र बनवायचे किंवा हस्तांतरित करायचे तर दोनशे डॉलर भरा आणि नोंदणी करा. दोनशे डॉलर म्हणजे आजचे चार हजारांहून अधिक. त्या काळी थॉमसन मशीनगनची किंमतच सुमारे तेवढी होती. कर हा शब्द, मनाई हा अर्थ.

मूळ विधेयकात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरेही होती. आणि पिस्तुलांवर कर आला तर लोक रायफलची नळी कापून तिचे पिस्तूल करतील, म्हणून आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन त्या यादीत घातल्या होत्या. विरोध झाल्यावर पिस्तुले वगळली गेली. ज्यांच्यासाठी कुंपण घातले ते शेतच गेले, कुंपण राहिले. त्यामुळे आजही परिस्थिती अशी आहे, की चार इंच नळीचे पिस्तूल अनेक राज्यांत दुकानातून सहज घेता येते. मात्र रायफलची नळी सोळा इंचांहून अर्धा इंच कमी झाली आणि तिची नोंदणी नसली, तर तो दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा. (१९३४ साली ही मर्यादा दोन्हींसाठी अठरा इंच होती, रायफलसाठी ती १९६० साली सोळावर आणली. शॉटगनची अठराच राहिली.) यादीत सायलेन्सरही आला, आणि तोही 'शस्त्र' झाला.

न्यायालयांनी कायदा उचलून धरला. १९३७ सालच्या सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की कर हतोत्साह करतो म्हणून तो कर नसतो असे नाही. १९३९ च्या मिलर खटल्यात ओक्लाहोमातून आर्कान्सात नेलेल्या एका कापलेल्या शॉटगनचा प्रश्न होता. आरोपींच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात कोणी उभेच राहिले नाही, आणि निकाल लागण्यापूर्वीच जॅक मिलर गोळ्या लागून मरण पावलेला आढळला. दुसऱ्या घटनादुरुस्तीवरचा पुढच्या सात दशकांचा आधारभूत निकाल असा एकतर्फी युक्तिवादावर लागला. १९६८ साली हेन्स खटल्यात न्यायालयाने वेगळी अडचण काढली: बेकायदा शस्त्राची नोंदणी करायला लावणे म्हणजे गुन्ह्याची कबुली घेणे. काँग्रेसने त्याच वर्षी कायदा नव्याने लिहिला आणि महिनाभराची माफीची मुदत दिली. पुढे १९ मे १९८६ ला अमलात आलेल्या तरतुदीने नव्या मशीनगनची खाजगी नोंदणी कायमची बंद केली. त्या दिवसापर्यंत नोंदलेल्या तेवढ्याच आता हातोहात फिरतात, आणि त्यांच्या किमती हजारो, पुढे दहा-वीस हजार डॉलरांच्या वर गेल्या. करासाठी ठेवलेली यादी अशा रीतीने वारसाहक्काची मिळकत झाली.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. माणसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा तर नियमानुसार बोटांचे ठसे, छायाचित्र, आणि स्थानिक पोलीसप्रमुखाची किंवा शेरीफची सही लागे. ही सहीच सगळ्या कथेची खुंटी. शेरीफ अमेरिकेत बहुतेक ठिकाणी निवडून येतो. त्याला सही करायची सक्ती नव्हती, नकाराचे कारण देण्याचीही नव्हती. एका कौंटीत शेरीफ हसत सही करी. शेजारच्या कौंटीत तोच अर्ज, तसाच निष्कलंक अर्जदार, आणि दार बंद. हा कारभार न्याय्य होता असे आम्हांला वाटत नाही. ज्या अधिकाराला निकष नाही त्याला विवेक म्हणणे ही भाषेची चैन आहे.

परंतु याच नियमांत 'व्यक्ती' या शब्दाची व्याख्या करसंहितेच्या धाटणीची होती. व्यक्ती म्हणजे हाडामांसाचा माणूस. तसेच भागीदारी, कंपनी, संघ, ट्रस्ट. कायदा कराचा असल्याने तसे होणे स्वाभाविकच होते. ट्रस्टला बोटे नाहीत, म्हणून ठसे नाहीत. चेहरा नाही, म्हणून छायाचित्र नाही. तो कोणत्याही शेरीफच्या हद्दीत झोपत नाही, म्हणून सही नाही. कंपनी काढूनही हे साधे. पण कंपनीला वार्षिक शुल्क, विवरणपत्रे, सार्वजनिक नोंद. खाजगी ट्रस्टला यांतले काही नाही. कागद करा, साक्षांकित करा, कपाटात ठेवा. तेराव्या शतकातल्या भिक्षूंना नगराने जे पुरवले तेच येथे कागदाने पुरवले: व्रत मोडू न देता छप्पर.

म्हणून हे सारे निव्वळ पळवाटेचे शास्त्र होते असे म्हणून विषय संपवता येत नाही. विज्ञानेश्वराचा 'धनी घरी नसताना' हा प्रसंग येथे येतो. सायलेन्सर नवऱ्याच्या नावे नोंदला आहे. तो कामासाठी परगावी गेला. तिजोरीची किल्ली बायकोकडे आहे. तिने सायलेन्सरला हातही लावला नाही. तरी कायद्याच्या भाषेत, वस्तू जिच्या अखत्यारीत आहे तिचा तो 'ताबा' ठरू शकतो, आणि नोंदणी तिच्या नावे नाही. बाप मुलाला घेऊन नेमबाजीला गेला तर बापाने सतत शेजारी असावे लागते. बाप मेला तर? वारसाला करमाफीचा अर्ज करून शस्त्र आपल्या नावे करून घेता येते, पण मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात? ज्याच्या हाती ते चुकून पडले तो शोकाच्या आठवड्यात गुन्हेगार ठरण्याच्या उंबरठ्यावर उभा. आपल्याकडेही परवानाधारक वारला की परवाना त्याच्याबरोबर संपतो आणि वारसाला स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. पण आपल्याकडे या पेचाला ट्रस्टचे उत्तर शोधलेले नाही.

गन ट्रस्टचे उत्तर सरळ आहे. शस्त्र ट्रस्टचे. न्यासकर्ता, त्याची पत्नी, भाऊ, प्रौढ मुलगी हे सारे सहविश्वस्त. त्यांतला कोणीही, इतर हजर नसतानाही, ते कायदेशीरपणे बाळगू शकतो. न्यासकर्ता मेला की उत्तराधिकारी विश्वस्त आधीच नेमलेला. चांगल्या वकिलाने लिहिलेल्या कागदात विश्वस्ताला सूचना असतात: लाभार्थी अज्ञान असेल तर थांब, तो शिक्षा झालेला किंवा कायद्याने अपात्र ठरलेला असेल तर त्याला देऊ नकोस, मशीनगन वा आखूड रायफल राज्याबाहेर न्यायची तर आधी परवानगी घे, ज्या राज्यात ही वस्तूच निषिद्ध आहे तेथे राहणाऱ्या लाभार्थीकडे ती पाठवू नकोस. मालमत्ता विकून पैसे वाटून टाकण्याचा सरसकट आदेश देणारा साधा कौटुंबिक ट्रस्ट येथे विश्वस्ताला तुरुंगात पाठवू शकतो. साध्या ट्रस्टमधला विश्वस्त पैशाचा हिशेब देतो. येथे त्याला माणसाची पारख करावी लागते. एखाद्या खिन्न, उग्र पुतण्याच्या हाती वडिलोपार्जित रायफल द्यावी की नाही, याचा निर्णय काकूने घ्यायचा. कायद्याने अपात्र नसलेल्या पण घरच्यांना ठाऊक असलेल्या धोक्याची दखल घेण्याचा अधिकार ज्या कागदात तिला दिलेला असेल, तो कागद आमच्या मते शेरीफच्या सहीपेक्षा शहाणा.

पण असे कागद किती? पुष्कळांनी मृत्युपत्रे तयार करणारी तयार सॉफ्टवेअरे वापरली. ट्रस्टच्या शास्त्रात एक साधा नियम आहे: एकच माणूस एकमेव विश्वस्त आणि एकमेव लाभार्थी असेल तर दुभंगलेली मालकी पुन्हा जुळते आणि ट्रस्ट उरतच नाही. म्हणजे हेन्रीने कायदा करून जे केले ते येथे अडाणीपणाने आपोआप घडते. ट्रस्ट नाही, तर ट्रस्टच्या नावे झालेली नोंदणी कोणाची? ज्याने कायदा पाळण्यासाठी दोनशे डॉलर भरले आणि महिनोन्‌महिने वाट पाहिली, तोच बेकायदा ताब्याच्या आरोपात सापडू शकतो. आणखी एक गंमत. मिळकतीवाचून ट्रस्ट अस्तित्वात येत नाही, आणि शस्त्र तर अर्ज मंजूर झाल्यावर मिळणार. म्हणून अनेक कागदांच्या परिशिष्टात पहिली मिळकत दहा-वीस डॉलरांची रोकड असते. मशीनगनच्या आधी दहाची नोट.

वाढ किती झाली, ते सरकारनेच सांगितले आहे. परवानाधारक व्यापारी नसलेल्या ट्रस्ट, कंपन्या इत्यादींकडून आलेले अर्ज २००० साली सुमारे ८४० होते. २००९ साली १२,६०० झाले. २०१२ साली ४०,७००. गंमत अशी, की २००९ च्या डिसेंबरात नियम बदलण्याची मागणी शस्त्रव्यापारी आणि संग्राहक यांच्याच संघटनेने केली होती. त्यांना शेरीफची सही नको होती.

मग २०१३ चा फेब्रुवारी आला. लॉस एंजेलिसच्या पोलीसदलातून काढलेल्या एका माजी अधिकाऱ्याने नऊ-दहा दिवसांत चार जणांना ठार केले आणि शेवटी स्वतः मेला. त्याने मागे जो जाहीरनामा ठेवला त्यात इतर अनेक तक्रारींबरोबर हेही होते: आपण सायलेन्सर आणि आखूड रायफल ट्रस्टच्या नावे घेतल्या, तो ट्रस्ट संगणकावरच्या मृत्युपत्राच्या सॉफ्टवेअरने केला, साक्षांकनाला दहा डॉलर लागले. आणि त्याने पुढे स्वतःच विचारले होते, की हे असे शक्य असावे काय? त्याचे उत्तर 'नाही' असे होते. तो काही शिक्षा झालेला गुन्हेगार नव्हता, हेही तो नमूद करतो. तेव्हा या प्रकरणाने पळवाटेचा धोका सिद्ध झाला की तपासणीची मर्यादा, यावर दोन्ही पक्षांना आपापला अर्थ काढता आला, आणि त्यांनी तो काढला.

ऑगस्ट २०१३ मध्ये ओबामा सरकारने नियमबदल जाहीर केला. मसुद्यावर नऊ हजारांहून अधिक अभिप्राय आले. अंतिम नियम जानेवारी २०१६ मध्ये निघाला आणि १३ जुलै २०१६ पासून लागू झाला. ट्रस्टमधल्या प्रत्येक 'जबाबदार व्यक्ती'ला आता ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते. दुसरीकडे शेरीफची सही सर्वांसाठीच गेली. त्याला केवळ सूचनेची प्रत पाठवायची. ट्रस्टला चेहरा आणि बोटे मिळाली, माणसाला शेरीफपासून सुटका मिळाली. मसुद्यात सही ट्रस्टवरही लादायची होती. अंतिम रूपात ती उलट सर्वांचीच काढली, ही दुरुस्ती आम्हांला समंजस वाटते. एक फट राहिली. अर्ज मंजूर झाल्यानंतर ट्रस्टमध्ये नवा विश्वस्त घेतला तर त्याचे ठसे त्या वेळी पाठवावे लागत नाहीत. ट्रस्टचा पुढचा अर्ज येईल तेव्हा पाठवायचे, आणि पुढचा अर्ज कधी येईलच असे नाही.

सही गेली म्हणजे ट्रस्टचे प्रयोजन गेले, असा अनेकांचा होरा होता. तो चुकला. किल्लीचा आणि मृत्यूचा प्रश्न उरलाच होता, आणि लोकांनी ट्रस्ट करणे सोडले नाही. यावरून आम्ही असे अनुमान काढतो, की पळवाट शोधणारे आणि वारसाची चिंता करणारे हे दोन वेगळे समाज नव्हते. पुष्कळदा ती एकाच माणसाची दोन मने होती. इंग्लंडातल्या जमीनदाराचेही तसेच असावे. त्याला राजाचा कर चुकवायचा होता, आणि धाकट्या मुलीला काही ठेवायचेही होते.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या अर्थविधेयकाने या इतिहासाला नवे वळण दिले. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, आखूड रायफली आणि आखूड शॉटगन यांच्यावरचा दोनशे डॉलरांचा कर शून्य झाला. मशीनगन आणि स्फोटक साधने यांच्यावर तो राहिला. नोंदणी, ठसे, प्रतीक्षा हे सारे मात्र सर्वांसाठी तसेच आहे. ९१ वर्षांत महागाईमुळे जो कर आपोआप वितळत आला होता तो कायद्यानेच पुसून टाकला. लगेच संघीय न्यायालयांत दावे दाखल झाले. वादींचे म्हणणे असे: १९३७ साली हा कायदा टिकला तो कर म्हणून, कर शून्य झाला, तर ज्याच्या वसुलीसाठी ती नोंदणी होती तेच उरले नाही, मग नोंदणी कशाच्या आधारावर? प्रतिवाद असा, की व्यापारावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पुरेसा आहे, शिवाय शस्त्रांच्या व्यवसायावरचे इतर कर अजून आहेत. दावे जिंकले गेले तर ठसे, प्रतीक्षा आणि नोंदणी या शस्त्रांपुरती जातील, आणि त्यांच्याबरोबर बायकोच्या हातातल्या किल्लीचा गुन्हाही. पण अज्ञान मुलाने अठरा वर्षांचे होईपर्यंत थांबावे, उग्र पुतण्याला रायफल देऊ नये, असे काकूला सांगणारा जो कागद घराघरांतल्या कपाटांत आज आहे, तो या कायद्याच्या धाकाने लिहिला गेला होता. धाक उठल्यावर तसा कागद कोणी करील काय, याची चर्चा त्या दाव्यांत होण्याचे कारण नाही; तेथे प्रश्न केवळ कराचा आहे.